द-धचं कपाट

आमच्या वाचनालयात खिडकीपासून तिसरं कपाट ‘द-ध’चं. लोखंडी, हिरवट, काचेच्या दारांचं. डावं दार उघडताना आधी किंचित वर उचलावं लागतं. ग्रंथपालबाईंच्या हाताला ते ठाऊक आहे, नवा सभासद उगाच ओढत राहतो. पुस्तकं लेखकाच्या आडनावानुसार ठेवायची, एवढा एकच नियम या कपाटाला शिकवला गेला आणि तो त्यानं इमानानं पाळला. म्हणून तर त्याच्या पोटात असे शेजारी नांदतात.

वरच्या फळीवर जयवंत दळवी. तिथं ‘सारे प्रवासी घडीचे’ला खेटून ‘चक्र’ उभी आहे. एकीत कोकणातल्या गावाची खट्याळ, लोभस माणसं. दुसरीत मुंबईची झोपडपट्टी, जिथं वाचणाऱ्याला दिलासा म्हणून मिळत नाही. ‘चक्र’ १९६३ची, ‘सारे प्रवासी’ त्यानंतर लगेचची. शिवाय ‘ललित’मध्ये भल्याभल्या साहित्यिकांची टोपी उडवणारा ठणठणपाळ, तोही हाच माणूस! मधल्या फळीवर पु. ल. देशपांडे, पुन्हा पुन्हा बांधणी करून जाड झालेले. खाली नारायण धारप. त्यांच्याही पुस्तकांचे कोपरे झिजलेले आहेत, म्हणजे भीतीलाही हसण्याइतकंच गिऱ्हाईक आहे.

कपाटासमोर दोन वाक्यं नेहमी ऐकू येतात. ‘आधीच डोक्याला ताप कमी आहे का? काहीतरी हलकंफुलकं द्या.’ आणि ‘नुसतं हसवणारं नको हो, जरा हादरवणारं आहे का?’ पहिलं बोलणाऱ्याला उथळ ठरवणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत. दिवसभर दुसऱ्यांची दुखणी निस्तरणाऱ्या माणसानं रात्री पुलं उघडावेत, यात कमीपणा कसला? आणि काळोखी कथा मागणाऱ्याचं मन काळं असतं, हा समजही तितकाच चुकीचा. घरात मोठं आजारपण चालू असताना धारप नेणारे वाचक मी पाहिले आहेत. मला वाटतं, त्यांना त्यात आधार मिळत असावा. धारपांच्या कित्येक कथांत अमंगळ कितीही माजलं तरी त्यांचे नायक समर्थ येतात. त्या संकटाला निदान उतारा असतो. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्याला असं वचन कोण देतं?

हलकंफुलकं म्हणून नेलेलं पुस्तकही शेवटपर्यंत हलकं राहतंच असं नाही. ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकरूपानं आली, तेव्हापासून घराघरांत लोक ती मोठ्यानं वाचून हसत आले. पण शेवटच्या ‘चिंतना’पाशी वाचणाऱ्याचा आवाज उतरतो. नाहीशा होत चाललेल्या एका जगण्याचा निरोप आहे तो. तिथं हसू येत नाही, आणि पुस्तक खालीही ठेववत नाही.

आता वाचनालयात नवी मांडणी करायचं चाललं आहे: ‘विनोदी’, ‘गूढ-भय’, ‘सामाजिक’ अशा पाट्या लावायच्या. हेतू चांगला आहे. हवं ते पुस्तक पटकन सापडेल. पण मग दळवींना दोन कपाटांत वाटावं लागेल. विनोदी म्हणून त्यांना शोधत आलेल्याच्या हाती चुकून ‘चक्र’ लागण्याची वाट बंद होईल. वाचकाची आवड बरेचदा अशा चुकीच्या हातानंच वाढते. कार्यकारिणीच्या बैठकीत मी हेच मांडणार आहे: पाट्या नव्या खरेदीच्या कपाटांना खुशाल लावा, ‘द-ध’ला मात्र हात लावू नका. डाव्या दाराची बिजागरी तेवढी बदला.