‘ण’ आणि ‘न’

पदव्युत्तर परीक्षेतील लघुप्रबंधावरची मौखिकी. जळगावजवळच्या खेड्यातून आलेली विद्यार्थिनी बहिणाबाईंच्या ओवीची लय उलगडून सांगू लागते आणि पहिल्याच वाक्यात ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणते. दोघे परीक्षक एकमेकांकडे पाहतात. तिचे विवेचन नेमके असते. परंतु ते ऐकले जाते, असे म्हणवत नाही. लवकरच ‘जरा शुद्ध बोला’ अशी सूचना होते. मग ती उच्चार सांभाळू लागते आणि हातचा विचार निसटतो. गुणपत्रकावर शेरा पडतो : ‘आत्मविश्वासाचा अभाव’. हा अभाव त्याच खोलीत, सूचनेनंतर निर्माण झाला, हे नोंदविण्यासाठी गुणपत्रकात रकाना नसतो.

ज्या कवयित्रीविषयी ती बोलत होती, त्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) जळगावनजीकच्या आसोद्याच्या. त्यांना लिहिता येत नव्हते. गाणी इतरांनी टिपून घेतली. १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती ग्रंथरूपाने आली आणि नागर रसिकतेने लेवा बोलीचे ते उच्चार अस्सलपणाची खूण म्हणून स्वीकारले. विद्यार्थिनीचा ‘न’ त्याच बोलीतला. मात्र तिच्या पाठीशी प्रस्तावना नव्हती. ध्वनी तोच, परंतु तो कोठून येतो याची कल्पना आधीच बांधलेली असली, की कान त्या कल्पनेलाच गुण देतो.

मराठी कानाला एकट्यालाच दोषी धरण्याचे कारण नाही. कॅनडातील माँट्रियल येथे वॉलेस लॅम्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात द्वैभाषिक व्यक्तींनी एकच उतारा इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये वाचला. दोन्ही आवाज एकाच व्यक्तीचे आहेत, हे श्रोत्यांना ठाऊक नव्हते. बुद्धी, विश्वासार्हता अशा अनेक बाबतींत इंग्रजी आवाज सरस ठरला. अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की हे झुकते माप फ्रेंचभाषक श्रोत्यांनीही दिले.

माँट्रियलमधला तो फ्रेंचभाषक श्रोता मौखिकीच्या खोलीतही बसलेला होता. दोघांपैकी ज्या परीक्षकाने शुद्धतेची सूचना केली, तो त्याच परिसरातला. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी वर्ग हसला, तेव्हापासून वसतिगृहाच्या गच्चीवर ‘पाणी, लोणी, कोण’ असे शब्द घोकून त्याने जीभ वळवून घेतली होती. दुसरा परीक्षक पुण्याचा. त्याच्या लेखी तो उच्चार ही एक गंमत होती. पहिल्याला तो स्वतःच्या जुन्या लाजेसारखा ऐकू आला, आणि म्हणून कदाचित त्याचेच गुण अधिक कमी पडले. बोलीविज्ञानाची अभ्यासपत्रिका विभागात तोच शिकवतो, हे येथे सांगितले पाहिजे.

त्या संध्याकाळी गुणपत्रकाचे पाकीट लाखेने बंद झाल्यावर त्याने गावी दूरध्वनी केला. तिकडे पानी पडले का, असे आईने विचारले. इकडेही चांगले पानी पडले, असे त्याने सहज सांगितले.