नळीतली पांढरी भुकटी

नखांवरचं जेल घट्ट करणारा जुना दिवा उलटा करून पाहावा. आत नऊ-नऊ वॅटच्या नळ्या, आणि काचेला आतून पांढऱ्या भुकटीचा पातळ थर. खरं काम हा थर करतो.

*

पाऱ्याच्या विरळ वाफेतून वीज गेली की मुख्यतः २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण निघतात. ते जंतू मारतात, पण जेलमध्ये खोल शिरत नाहीत. भुकटी ते शोषते आणि जास्त तरंगलांबीचा प्रकाश सोडते. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये सांगितलेला नियम तो हाच. फरकाची ऊर्जा उष्णतेत जाते. २५४ वरून ४५० वर उतरताना चाळीस टक्क्यांहून जास्त.

*

या भुकट्यांत मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते युरोपियम. स्ट्रॉन्शियम बोरेटमध्ये किंचित मिसळलं तर प्रकाश ३७० च्या आसपास येतो, डोळ्यांना जेमतेम दिसणारा. तेच स्ट्रॉन्शियम पायरोफॉस्फेटमध्ये घातलं की ४२०, जांभळा. बेरियम-मॅग्नेशियम ॲल्युमिनेटमध्ये ४५०, स्वच्छ निळा. मूलद्रव्य एकच, भारही तोच. पण त्याचा इलेक्ट्रॉन उडी मारून जातो तो बाहेरच्या कक्षेत, आणि तिथे शेजारच्या अणूंचा प्रभाव त्याला थेट जाणवतो. शेजार बदलला की रंग बदलतो. रसायनशास्त्राच्या वर्गात हे शेजारी-शेजारी ठेवलेल्या तीन नळ्या पेटवून दाखवायला हवं. (३७० ची नळी डोळ्यांवर चष्मा चढवूनच.)

स्वस्त पर्याय शिसं घातलेलं बेरियम सिलिकेट, ३५० च्या आसपास. कीटक ओढणाऱ्या दिव्यांतही हेच.

*

नळी म्हातारी होते ती न दिसता. भुकटीची ताकद घटते, काचही अतिनील किरण अडवू लागते. निळसर उजेड मात्र पहिल्यासारखाच दिसतो, कारण पाऱ्याच्या स्वतःच्या दृश्य रेषा असतातच. मग जेल वरून कडक होतं आणि खाली ओलं राहतं. जेलमधलं हे ओलं ॲक्रिलेट त्वचेला लागत राहिलं तर ॲलर्जी होऊ शकते, आणि ती बहुधा जन्मभर सोबत करते. दिवसभर दुसऱ्यांची नखं रंगवणाऱ्या मुलींना हे कोणीतरी नीट समजावून सांगायलाच हवं.

*

लग्नपत्रिका, टी-शर्ट छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडेही याच जातीच्या नळ्या. वर इमल्शन लावलेली जाळी, मध्ये पॉझिटिव्ह फिल्म, खालून उजेड. उजेड लागला तिथे इमल्शन पक्कं होतं, उरलेलं पाण्याने धुऊन जातं. नळी उतरली की बारीक अक्षरांच्या कडा धुताना सुटतात. कारागीर एक्स्पोजरचा वेळ वाढवतात. नळी बदलणं जास्त बरं.

*

दातांच्या डॉक्टरांकडच्या निळ्या दिव्यात भुकटीच नाही. एलईडी थेट निळा प्रकाश देतो, कारण दात भरायचं सिमेंट घट्ट करणारं कॅम्फरक्विनोन ४७० च्या आसपासचा प्रकाश घेतं. निळा खातं म्हणून ते स्वतः पिवळं दिसतं. खुर्चीवरच्या पांढऱ्या एलईडीतही निळा भरपूर असतो. वर नारिंगी गाळणी नसेल तर दात भरण्याआधीच सिमेंट धरू लागतं.

*

कावीळ झालेल्या नवजात बाळावर निळ्या नळ्या लावतात, तेव्हा जाणत्या वॉर्डात प्रकाश मीटरने मोजतात. तीव्र उपचारासाठी दर चौरस सेंटिमीटरला, दर नॅनोमीटरमागे किमान ३० मायक्रोवॅट. नुसत्या डोळ्यांवर तिथे कोणी विसंबत नाही. पार्लरमध्ये मीटर परवडणार नाही, मान्य. निदान नळी बसवली त्या दिवसाची तारीख तिच्या टोपणावर मार्करने लिहून ठेवावी.