एका समेवर

धारवाडजवळच्या मन्सूर गावी १९१० साली जन्मलेल्या पंडित मल्लिकार्जुनांचे गाणे पहिल्याच ऐकण्यात वश होत नाही. मंजी खाँ आणि भूर्जी खाँ यांच्याकडून मिळालेली ती जयपूर-अत्रौलीची गायकी श्रोत्याला उसंत देत नाही. आलापही तालाच्या आवर्तनातच चालतो. एक तान संपते न संपते तोच तिच्यातून दुसरी उगवते.

१९९२ च्या सप्टेंबरात पंडितजी गेले, त्यानंतर वडिलांनी त्यांच्या शिवमत भैरवाची कॅसेट घरी आणली. मी तेव्हा धारवाडात एम. ए. करीत होतो. एकाच रागात दोन्ही गंधार, दोन्ही निषाद! माझ्या हाती काही लागेना. वडील रोज पहाटे तीच कॅसेट लावीत. समजावून कधी सांगितले नाही. ‘कानावरून जाऊ दे,’ एवढेच म्हणत.

वर्षे गेली. मी मुख्याध्यापक झालो. अर्धांगवायूने वडिलांची वाचा गेली, तेव्हापासून कॅसेट मी लावू लागलो. एका पहाटे सम येण्याआधीच मला तिची चाहूल लागली. सहज पाहिले, तर वडिलांचे बोटही नेमके त्याच क्षणी चादरीवर टेकले होते.

इतकी वर्षे आम्ही बापलेक एका घरात राहिलो. एका समेवर आलो ते त्या दिवशी.