थंडीत न धरणारा सांधा

थंड हवेच्या देशांत हौशी सुतारकामाची जागा बहुधा घराला लागून असलेले गॅरेज किंवा परसातले लाकडी खोपटे असते, आणि इंग्लंड वा कॅनडाच्या हिवाळ्यात तिथले तापमान बाहेरच्यापेक्षा फारसे वेगळे नसल्यामुळे, करवत आणि रंधा नेहमीसारखे चालत असले तरी गोंद मात्र दगा देतो. हा दगा लगेच दिसत नाही. सांधा कोरडा लागतो, क्लॅम्प काढल्यावर उभाही राहतो, आणि काही दिवसांनी हाताच्या साध्या जोराने उकलतो; कारण गोंद सुकणे आणि गोंदाने धरणे या दोन निराळ्या क्रिया आहेत.

सुतारकामातला नेहमीचा पांढरा गोंद, जो भारतात 1959 पासून फेव्हिकॉल या नावाने घरोघर पोहोचला, तो म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट या बहुवारिकाचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवलेले पायस असते. पाणी लाकडात मुरते व हवेत उडते, कण एकमेकांजवळ येतात आणि पुरेसे मऊ असतील तर परस्परांत मिसळून त्यांचा सलग पापुद्रा तयार होतो. ज्या तापमानाखाली ते इतके कडक राहतात की मिसळूच शकत नाहीत, त्याला किमान पापुद्रा-तापमान म्हणतात. त्याखाली पाणी निघून गेले तरी मागे उरते ती सुट्या कणांची खडूसारखी पांढरी भुकटी. कण मऊ राखणारी द्रव्ये मिसळून उत्पादक ही मर्यादा खाली आणतात; अमेरिकेतल्या टाइटबाँड या गोंदाच्या तीन प्रकारांसाठी ती सुमारे 10, 13 आणि 8 अंश सेल्सिअस अशी सांगितली जाते, आणि गंमत अशी की मधल्या, पहिल्यापेक्षा पाण्याला अधिक टिकणाऱ्या प्रकाराला सर्वांत जास्त ऊब लागते. महाराष्ट्रातल्या सुताराला हा प्रश्न क्वचितच पडतो, तरी निफाडच्या परिसरात पारा 5 अंशांच्या आसपास उतरतो त्या पहाटे, उघड्या पडवीत लावलेला सांधा याच नियमाला बांधलेला असतो.

यावर बाटली गरम पाण्यात धरण्याचा उपाय सर्रास केला जातो, पण तो बव्हंशी वाया जातो. सांध्यातला गोंदाचा थर मिलिमीटरच्या अंशाइतका पातळ असल्यामुळे तो काही क्षणांतच लाकडाचे तापमान घेतो, म्हणून खरा प्रश्न गोंदाचा किंवा हवेचा नसून लाकडाचा आहे. लाकूड उष्णतेचे मंद वाहक असल्याने जाड फळीचा गाभा खोली तापल्यानंतरही कित्येक तास गार राहतो. त्यामुळे आदल्या रात्रीच लाकूड घरात आणून ठेवणे हे कामाच्या अर्धा तास आधी हीटर लावण्यापेक्षा कितीतरी श्रेयस्कर ठरते. मात्र ते आठवडाभर ठेवू नये, कारण तापवलेल्या घरातल्या कोरड्या हवेत लाकूड आकसते आणि नेमके बसवलेले सांधे ढिले पडतात.

हीटरच्या निवडीतही एक खोच आहे. धुराडे नसलेल्या हीटरमध्ये एक लिटर रॉकेल जळले की साधारण तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने खोलीत सुटते आणि गार लाकडावर व पोलादी हत्यारांवर दव बनून बसते, म्हणजे ऊब मिळते ती ओल आणि गंज सोबत घेऊन. शिवाय ज्वालाग्राही द्रावकाच्या रबरी गोंदाजवळ उघडी ज्योत ठेवणे हा निव्वळ अविचार होय. क्लॅम्प लावलेल्या कामाभोवती उबेचे आवरण करून, त्यात विजेची सौम्य ऊब रात्रभर राखणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे.

जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसाचे वागणे याहून वेगळे असते. तो सुमारे 60 अंशांवर पातळ राखून वापरतात आणि गार होताच त्याचा गोळा होऊ लागतो. गार लाकडावर तो दोन तुकडे जुळण्याआधीच थिजतो, म्हणून सरस वापरणारे जुने कारागीर भांड्याइतकेच लाकूडही तापवत. त्यात थोडा युरिया मिसळला की थिजणे लांबते व हाताला उसंत मिळते. रासायनिक प्रक्रियेने घट्ट होणाऱ्या इपॉक्सी या गोंदाबाबत 10 अंशांनी तापमान उतरले की प्रक्रियेचा वेग अंदाजे निम्मा होतो हा ठोकताळा पुरेसा आहे. तिथे बहुधा धीर धरून भागते, पांढऱ्या गोंदात मात्र कितीही वाट पाहिली तरी बिघडलेला पापुद्रा सांधत नाही.

सांध्याच्या कडेला ओघळलेला गोंद सुकल्यावर पारदर्शक दिसला तर सहसा चिंता नसते. खडूसारखा पांढरा उरला, तर सांधा उकलून पाहणे इष्ट असते. वाळलेल्या गोंदावर नवा गोंद नीट धरत नसल्यामुळे, अशा वेळी दोन्ही बाजू कोरे लाकूड दिसेपर्यंत तासून काढाव्या लागतात.