मुलगी काय करते?

मैत्रिणींनो, लग्नाची मुलगी घरात असली की हा प्रश्न कुठंही गाठतो. भाजी घेताना, हळदीकुंकवाला, वाईच्या एस.टी.त. मी या प्रश्नाला तब्बल दोन वर्षं खोटं उत्तर दिलं. का दिलं आणि पुढं काय झालं, ते आज तुम्हांला सांगणार आहे.

आमचं पाचगणीला छोटंसं दुकान आहे. जॅम, सरबतं, मध, चिक्की. धाकटी लेक आकडेमोडीत पहिल्यापासून हुशार. वाईच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाली, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात फिजिक्स घेऊन एम.एस्सी. झाली. आता ही प्राध्यापक होणार, असं आम्ही धरून चाललो होतो. तर एक दिवस म्हणाली, "आई, मी मेडिकल फिजिसिस्ट होणार."

"म्हणजे डॉक्टरीण?"

"नाही गं. कॅन्सरच्या पेशंटला रेडिएशन देतात ना, तिथं. कुठल्या गाठीला किती डोस द्यायचा हे डॉक्टर ठरवतात. तो तेवढाच आणि तिथंच पोचेल याचं गणित मांडायचं, मशीन बरोबर चालतंय की नाही हे मोजून बघायचं, ते आमचं काम."

मला त्यातला एकच शब्द ऐकू आला : रेडिएशन. शाळेत मादाम क्यूरीची गोष्ट वाचली होती. रेडियम शोधलं आणि शेवटी त्यापायीच गेली, एवढं डोक्यात पक्कं बसलेलं. पण पोरगी ऐकेना. २०१३ साली ती मुंबईला गेली.

हा रस्ता सोपा नाही बरं का! भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा आहे. १९६२ पासून तो चालू आहे. एम.एस्सी.ला चांगले मार्क हवेत, वर प्रवेशपरीक्षा. मग अणुशक्तीनगरला एक वर्ष अभ्यास. त्यानंतर रेडिओथेरपी विभाग असलेल्या इस्पितळात एक वर्ष उमेदवारी. एवढ्यानं भागत नाही. रेडिएशन सेफ्टी ऑफिसरची परीक्षा वेगळी द्यावी लागते. ती पास झाली तरी नेमणूक आपली आपण करून घेता येत नाही. जिथं नोकरी, त्या इस्पितळानं नाव पाठवायचं आणि अणुऊर्जा नियामक मंडळानं त्याला मान्यता द्यायची. तीही त्याच इस्पितळापुरती आणि ठरावीक मुदतीपुरती. अशी मान्यता असलेलं माणूस नसेल, तर इस्पितळाला ते मशीन चालवायचा परवानाच मिळत नाही.

लेक हे सगळं पार करून आली आणि तिला मुंबईच्या एका इस्पितळात नोकरी लागली. पेढे वाटले. पण त्याच सुमारास स्थळं यायला लागली आणि माझी जीभ अडखळायला लागली. एका ठिकाणाहून सरळ विचारणा झाली, "रेडिएशनमध्ये काम करते म्हणता, पुढं मुलंबाळं...?" वन्संनी सल्ला दिला, "वहिनी, एवढं कशाला सांगता? मुंबईला शिकवते म्हणा." मी तसंच म्हणायला लागले. शिकवते. फिजिक्स शिकवते.

एका रविवारी कराडकडची मंडळी बघायला आली. पोहे झाले. मुलाच्या आईनं कौतुकानं विचारलं, "कुठल्या कॉलेजात शिकवता?" लेकीनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, "मी शिकवत नाही. कॅन्सरच्या इस्पितळात रेडिएशनचा डोस मोजते." मंडळी चहा घेऊन "कळवतो" म्हणून गेली. अर्थात कळवलं नाहीच.

मला वाटलं, पोरगी भांडेल. तिनं कपबश्या विसळता विसळता एवढंच विचारलं, "आई, आजोबांच्या घरचं पाणी कोण पीत नव्हतं गं?"

मैत्रिणींनो, मी खालीच बसले. पाचगणीची हवा कोरडी, निरोगी म्हणून इथं पूर्वी क्षयाचे रोगी येत. डॉ. बिलिमोरियांनी इथं १९१२ साली बेल-एअर सॅनेटोरियम काढलं, ते पुष्कळांना ठाऊक असेल. माझे वडील अशाच एका क्षयाच्या दवाखान्यात वॉर्डबॉय होते. आमच्या घरी पाहुणे आले की पाण्याच्या तांब्याला हात लावत नसत. माझी दोन स्थळं त्यापायी मोडली. क्षय पाण्यातून पसरत नाही, रोग्याच्या खोकल्यातून हवेवाटे पसरतो, हे वडील ज्याला त्याला समजावून सांगत. पण ऐकतंय कोण? त्या वेळी मी उशीत तोंड खुपसून रडले होते. आणि आता माझ्याच लेकीचं काम मी तसंच लपवत होते!

पुढच्या महिन्यात मी मुंबई गाठली. सुटीच्या दिवशी रीतसर परवानगी काढून तिनं मला तिची खोली दाखवली. दीड-दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंती. दार पुरतं बंद झाल्याशिवाय मशीन सुरूच होत नाही. मी दारातच थबकले. ती हसली. "आई, बटण बंद केल्यावर दिव्याचा उजेड खोलीत साठून राहतो का? हेही तसंच आहे. मशीन बंद, की रेडिएशन बंद. या मशीनवर उपचार घेऊन घरी गेलेल्या पेशंटपासूनही कुणाला धोका नसतो. त्यांनी नातवंडाला खुशाल मांडीवर घ्यावं."

तिच्या छातीवर एक बिल्ला असतो. अंगावर किती रेडिएशन पडलं, ते त्यात नोंदलं जातं. दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जातो. कायद्यानं पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. जमिनीतून, आकाशातून तुम्हां-आम्हां सगळ्यांवर वर्षाला सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट पडतच असतं. लेकीच्या बिल्ल्याचा आकडा त्याहूनही कमी होता. म्हणाली, "मादाम क्यूरीच्या वेळी हे नियम नव्हते. त्या लोकांनी सोसलं, म्हणून आम्हांला नियम मिळाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेरच्या बाकावर बसून होते. पेशंट जमले होते. कुणी बार्शीचं, कुणी रत्नागिरीचं. लेक आत मशीनचं रोजचं माप घेत होती. आमच्या दुकानातला वजनकाटा दर वर्षी सरकारी तपासणी होऊन शिक्का मारून येतो, तसंच हे. फक्त इथं तपासणी रोज सकाळी, पहिला पेशंट आत जायच्या आधी. त्या दिवशी माप ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं. तिनं सांगितलं, "आत्ता पेशंट घ्यायचा नाही." एक ज्येष्ठ गृहस्थ चिडले, "एवढ्या-तेवढ्यानं काय होतंय? बाहेर तीस माणसं बसलीत." ती म्हणाली, "डोस कमी पडला तर गाठ राहील, जास्त झाला तर चांगला भाग भाजेल. पुन्हा मोजल्याशिवाय मी सही करणार नाही." इंजिनियर आला, दुरुस्ती झाली, पुन्हा मोजमाप झालं. दीड तास गेला. मग पहिलं नाव पुकारलं.

तेव्हा मला तिचा परवाना कळला. मशीन चालवण्याचा म्हणून मी तो समजत होते. त्यात वेळ आली तर मशीन थांबवण्याची जबाबदारीही होती. घरी आल्यावर मी वन्संना सांगून टाकलं, यापुढं खरंच सांगायचं. ज्यांना चालेल ते येतील.

आले. जावई बँकेत आहेत. दिवस राहिल्यावर लेकीनं लगेच वरिष्ठांना कळवलं. तसं कळवल्यावर बाळापर्यंत पोचणाऱ्या रेडिएशनची मर्यादा फक्त १ मिलिसिव्हर्ट असते, त्या बेतानं काम वाटून देतात. नातू आता दुकानातल्या चिक्कीच्या बरण्या उघडण्याच्या वयाचा झालाय.

तुमच्या घरात फिजिक्स आवडणारी मुलगी असेल, तर तिला या वाटेची माहिती जरूर द्या. आता काही विद्यापीठांतही मेडिकल फिजिक्सचा एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे, मात्र त्याला नियामक मंडळाची मान्यता आहे ना, हे प्रवेशाआधी पाहून घ्या. भीती वाटली तर दाबून ठेवू नका, तिला विचारा, आकडे मागा.

परवाच दुकानात एक बाई जॅम घेता घेता म्हणाल्या, "धाकटी काय करते हो तुमची?" मी काट्यावरचं वजन नीट पाहून घेतलं आणि सांगितलं, "मेडिकल फिजिसिस्ट आहे. बसा, सांगते."