धाकट्याच्या पायांनी पाहायचं शहर

युरोपला जायचं म्हटलं, की आई म्हणते पॅरिस, बाबा म्हणतात लंडन. पण धाकट्याचे पाय दुखू लागले, की सगळ्यांचीच सहल आटोपते! म्हणून आधी त्याला विचारा. आमचं मत डेन्मार्कच्या कोपनहेगनला. तिथे मुख्य रेल्वे स्टेशनसमोरच १८४३ साली सुरू झालेली टिव्होली बाग आहे. तिथल्या १९१४ सालच्या लाकडी रोलरकोस्टरवर ब्रेक लावणारा माणूस अजूनही गाडीतच बसतो! दमलात, तर कालव्यातून बोटीने फिरा. किनाऱ्यावर खडकावर अँडरसनच्या गोष्टीतली जलपरी बसलीय. उंची जेमतेम सव्वा मीटर! मोठी माणसं म्हणतात, "एवढीशीच?" धाकटा मात्र खूश, ती त्याच्याएवढीच आहे ना!