न जुळणारे हाड

परवा दादा पहिल्यांदाच काठीशिवाय अंगणात चालला. तुळशीपासून फाटकापर्यंत, मोजून बावीस पावले. दारात उभ्या असलेल्या आईने पदर डोळ्यांना लावला आणि "दूध उतू जाईल" म्हणत ती आत गेली. आत चुलीवर काहीही नव्हते.

गेल्या वर्षी आषाढात दादाची मोटारसायकल घसरली आणि उजव्या पायाची नडगी मोडली. वडील गेल्यावर बारावी होताच तो वर्कशॉपमध्ये लागला. माझी कॉलेजची फी त्याच्याच पगारातून येते. त्यामुळे मोडला तो एकट्या दादाचा पाय नव्हता, साऱ्या घराचाच पाय मोडला होता. प्लॅस्टर झाले, हाडवैद्याचा लेप झाला, आईचा नवस झाला. नऊ महिने लोटले. पण प्रत्येक एक्स-रेमध्ये ती काळी रेघ जिथल्या तिथे!

अशातच कुणीतरी मोबाइलवरची एक जाहिरात दाखवली. स्टेम सेलचे एक इंजेक्शन, हाड हमखास जुळणार! किंमत ऐकून आम्ही गप्प झालो. दुसऱ्या दिवशी आईने ट्रंकेतून पाटल्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. "सोनाराकडे जाऊन ये," एवढेच ती म्हणाली.

मराठी घेऊन बी. ए. करणाऱ्या मला स्टेम सेलमधले काय कळणार? तरीही पाय सोनाराकडे वळेनात. सगळे एक्स-रे घेऊन मी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घाई न करता समजावून सांगितले.

आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींचे काम ठरून गेलेले असते. मूलपेशींचे तसे नसते. त्या आपल्यासारख्या नव्या पेशी निर्माण करतात आणि गरज पडेल तेव्हा त्यांतल्या काही हाडाच्या किंवा कूर्चेच्या पेशी होतात. हाडावरच्या पातळ आवरणात आणि आतल्या मज्जेत त्यांचा वास असतो. हाड मोडले की तिथे रक्त साकळते, त्याभोवती या पेशी जमतात, आधी कूर्चेचा कच्चा पूल बांधतात, मग त्यात कॅल्शियम साठून तो पक्का होतो. कातडीवर जखमेचा व्रण राहतो. हाड मात्र पुन्हा हाडच होते. फ्रान्सच्या द्युआमेलने १७४० च्या सुमारास जनावरांच्या हाडावरील आवरणाखाली चांदीची तार घातली, तेव्हा काही काळाने ती नव्या हाडाखाली झाकलेली आढळली. पुढे १९६० नंतर मॉस्कोत फ्रीडेनश्टाइन यांनी मज्जेतल्या पेशींपासून हाड तयार होते हे दाखवून दिले.

"मग ते इंजेक्शन?" मी विचारले.

"शास्त्र खरे आहे, जाहिरात खरी असेलच असे नाही," डॉक्टर म्हणाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रक्ताच्या ठरावीक विकारांसाठी होणारे मूलपेशींचे रोपण तेवढेच प्रस्थापित उपचार मानले होते. न जुळणाऱ्या हाडावर अशा इंजेक्शनचे प्रयोग चालू आहेत. 'हमखास' म्हणण्याजोगे अजून काही हाती नाही. "आणि हा साठा तुमच्या भावाच्या कमरेच्या हाडात आहेच की! तिथले थोडे हाड काढून त्या फटीत भरू. जुनाच उपचार आहे. फक्त त्याला सांगा, विडी बंद. त्या धुराने हाड जुळायला उशीर लागतो."

पाटल्या पुन्हा ट्रंकेत गेल्या. चैत्रात शस्त्रक्रिया झाली. दादाने विडीचे बंडल स्वतःच्या हाताने चुलीत टाकले. श्रावणातल्या एक्स-रेत काळ्या रेघेवर पांढरट ढगासारखे काहीतरी दिसले. "हेच नवे हाड," डॉक्टर म्हणाले. त्या ढगाकडे आम्ही दोघे किती तरी वेळ पाहत होतो.

मित्रहो, "बी. ए. करून पुढे काय होणार?" हा प्रश्न आपल्यापैकी कुणाला चुकला आहे? पूर्वी मी त्याने ओशाळत असे. आता त्या पेशी आठवतात. अजून काही न होणे म्हणजे काहीच नसणे नव्हे, असे मनाशी म्हणतो. पण एवढ्यावर समाधान मानायला मन तयार होत नाही. हाक आली की त्या पेशी धावून जातात. घराची हाक आली तेव्हा दादा असाच गेला होता. त्याला काय व्हायचे होते, हे त्या वेळी कुणीच विचारले नाही, मीसुद्धा नाही.

परवा अंगणात तो दमून ओट्यावर बसला, तेव्हा विचारले.

"मास्तर," तो म्हणाला आणि हसून पाय चोळू लागला.

मुक्त विद्यापीठाचा प्रवेशअर्ज मी त्याच्या उशाशी ठेवला आहे. अजून त्याने तो भरलेला नाही. पण टाकूनही दिलेला नाही.